शर्ट धुऊ नका

पहिला वकील न बोलावता आला, सीपीआरमध्ये, खाटेपाशी.
शहाळ्याकडं बघत म्हणाला, वहिनी,
आत्ता एक पैसा देऊ नका,
मिळतील त्यातला तिसरा हिस्सा माझा.
सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुलीसुद्धा मारून आणलेली.
हे औषधाच्या गुंगीत.
मी म्हटलं, माणूस शुद्धीवर येऊ दे आधी,
मग त्याचे हिस्से करू.

हालोंडी फाट्याला पुलाचं काम चाललंय दोन वर्षं.
सोमवारी रस्ता डावीकडनं, गुरुवारी उजवीकडनं.
वाळूची पोती टाकली की तो दुभाजक,
झाडाची फांदी रोवली की ती सूचना.
दुपारी ज्या रस्त्यानं शिफ्टला गेले
त्याच रस्त्यानं रात्री बाराला परत निघाले,
आणि मधल्या नऊ तासांत
तो रस्ता कुणीतरी खणून ठेवला होता.

फौंड्रीत पॅटर्न करतात हे.
सागवानात अर्धा मिलिमीटर चुकला तर
रात्रभर कूस बदलतात.
पंचनाम्यात एवढंच आलं:
‘फलक व अडथळे सुस्थितीत. मोटारसायकलस्वाराचा हलगर्जीपणा.’
हलगर्जीपणा.
हा शब्द मी घरी येऊन तीनदा वाचला.

महिन्यानं कसबा बावड्याला, कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून
मी आणि धाकटे दीर धनपाल.
मुल्लाणी बाईंनी बसा म्हणायच्या आधी विचारलं,
लायसन? आहे.
हेल्मेट? होतं, फुटलं.
टाकून नाही ना दिलं?
दारू?
मी उठलेच खुर्चीवरनं.
बसा, म्हणाल्या, माझ्यापुढं रागवा हवं तेवढं.
तिथं विचारतील तेव्हा रागावू नका.

मग धनपालकडं वळल्या. तुम्ही कधी पोचला?
पहाटे, गाडी काढायला.
फलक होता?
होता की. त्यालाच धरून खाली उतरलो खड्ड्यात.
बाही लाल झाली सगळी.

पेन थांबलं.
रंग ओला होता?

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.
मी फरशीकडं बघायला लागले.
तीन दिवस ती बाही मी घासली होती,
आधी रॉकेलनं, मग साबणाची वडी, मग ब्रश.
दिराचा एकुलता बरा शर्ट,
पुढच्या आठवड्यात मुलगी बघायला जायचं होतं.
डाग गुलाबी झाला, गेला नाही.
सासूबाई म्हणाल्या होत्या, हातात जोर नाही हिच्या.

ते सगळं सांगितलं बाईंना.
हसल्या नाहीत.
बरं झालं जोर नाही, म्हणाल्या.
शर्ट आणा. आता धुऊ नका.

फी ठरली, दोन हप्त्यांत, टायपिंगचे वेगळे.
पावती फाडून दिली.
तीन वर्षं धरा, चारही लागतील,
आणि जिंकूच असं मी कुणाला सांगत नाही.
जिना उतरताना धनपाल म्हणाला,
पहिला तरी गोड बोलत होता.
मी काही बोलले नाही. पावती
पदराच्या गाठीत बांधली, मग पर्समध्ये टाकली,
मग पुन्हा गाठीत.

वकीलपत्र घरी आणलं.
बाळगोंडा आदगोंडा मगदूम, वय एकेचाळीस.
उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डावा अंगठा.
ज्यांच्या अक्षरावरनं नवी पोरं ड्रॉइंग वाचायला शिकतात
त्यांच्या अंगठ्याला मी निळी शाई लावली.
ठेकेदारानं अंगठेबहाद्दर केलं बघ मला, म्हणाले,
आणि महिन्यात पहिल्यांदा हसले. बरगडी दुखली.

बाईंनी विचारायला सांगितलेलं विचारलं,
खड्डा किती खोल होता?
डोळे मिटून बराच वेळ गप्प.
मला वाटलं, झोप लागली.

एक मीटर सत्तर, म्हणाले.
पण तळ एका लेव्हलला नव्हता.
खणलासुद्धा नीट नाही त्यांनी.