बेड सात

आधीच्या पाळीच्या कागदावर लिहिलेलं होतं:
संवाद शक्य नाही.
खाली नोल्फाची घाईतली सही,
आणि सहीवर कॉफीचा गोल डाग.

दोन एलेउतेरिओ, वय एकोणऐंशी,
अचाओच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा.
उजवी बाजू गेलेली.
अंथरुणाला खिळलेला माणूस,
आणि तोंडात उरलेला शब्दही तोच:
क्लावो.
खिळा.

पाणी हवं, खिळा.
कूस बदलायची, खिळा.
सुई टोचली, खिळा, खिळा!
सूप अळणी, बशी ढकलून, खिळा.
डॉक्टर तळपाय दाबून विचारतात, कळतंय का?
तो छताकडे बघतो, वेळ घेतो,
जणू योग्य शब्द निवडतोय,
आणि म्हणतो, खिळा.

मी घरी बसून चित्रांचा तक्ता केला.
पेला, संडास, उशी, खिडकी,
रडका चेहरा, हसरा चेहरा.
मुलाच्या पेटीतला तपकिरी खडू संपला
कारण एक होडीही काढली,
म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून.
त्याने नेमकं होडीवर बोट ठेवलं
आणि असा ओरडला
की बेड आठ दचकून उठून बसला.
सुकाणू मी पुढच्या टोकाला काढलं होतं.
हे मला नंतर कळलं.

रोसालबा, त्याची मुलगी, रविवारी येते,
केसांना चुलीच्या धुराचा वास,
पिशवीत उकडलेले बटाटे, माझ्यासाठीसुद्धा.
मी विचारलं, खिळाच का?
ती आधी लाजली.
मग म्हणाली, बाबा लाकडी मेखा ठोकायचे.
आमच्याकडची जुनी चर्चसुद्धा मेखांवर उभी आहेत.
लोखंड गंजतं, लाकूड फुगून घट्ट बसतं,
हे जेवताना रोज ऐकलंय मी.
कामात कुणी हलगर्जी केली
की बाबा म्हणायचे, खिळा आहेस, खिळा.
शिवी आहे ती त्यांची, सिस्टर.

म्हणजे तीन आठवडे
हा माणूस मला शिव्या घालत होता
आणि मी त्याला पाणी पाजत होते.

त्या दिवसापासून शब्द सोडून दिला.
त्याच्या आजूबाजूचं ऐकू लागले.
आखूड, कोरडा: तहान.
खालून ओढून काढलेला: पाठ.
दोनदा, दुसऱ्यांदा हळू: रोसालबा कधी येणार.
अर्ध्या वेळा चुकले.
एकदा भांडं घेऊन धावले,
त्याला फक्त खिडकी उघडून हवी होती.
एका रात्री सलाईनचं यंत्र उगाच कोकलत राहिलं,
मी त्याला थापट मारून म्हटलं, खिळा!
उशीवरून मान वळली.
एकाच कारखान्यात राबणाऱ्याकडे बघावं
तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

काल पहाटे पाचला तो म्हणाला, क्लावो.
राग नाही, तहान नाही, दुखणं नाही.
ही पट्टी माझ्या ओळखीची नव्हती.
पेला? नाही. पाठ? नाही.
हरून पुन्हा तो तक्ताच काढला भिंतीवरून,
त्याच्यापुढे धरला.
डाव्या हाताने त्याने तो बाजूला केला,
मधे आलेल्या पोराला करावं तसा, न दुखवता,
आणि बोट भिंतीकडे.
तक्ता जिथे टांगलेला होता तिथे,
प्लास्टरमध्ये खिळखिळा झालेला,
त्याच्या उशीवर वाकलेला
एक खिळा.

हलवून पाहिला. हातातच आला.
क्लावो, मी म्हटलं.
क्लावो, तो म्हणाला,
आणि हसला.
अर्धंच तोंड हसतं त्याचं.
तेवढं पुरलं.

ड्युटी संपताना दुरुस्तीच्या वहीत लिहिलं:
बेड सात. भिंतीतला खिळा सैल.
जमल्यास लाकडी मेख बसवावी.
कळवणाऱ्याचे नाव: एलेउतेरिओ, रुग्ण.
कसे कळवले:
तोंडी.