पोतं तापलंय

जुलेखा मुल्लाणी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते,
पोराच्या काखेत ताप बघावा तसा.
"तापलंय," म्हणते. "आतनं हाय."

वरनं तांदूळ निर्मळ. आजऱ्याचा घनसाळ,
लक्ष्मीपुरीच्या अर्ध्या बोळाला त्याचा वास.
मला काहीच दिसत नाही.
ती मूठ काढून माझ्या तळहातावर उपडी करते:
दाण्यांखाली चिमूटभर पीठ.
"गिरणीच्या आधी पीठ झालं की समजायचं."

टोके दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.
मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते,
एकच अंडं ठेवते,
आणि वरून लिंपून घेते इतकं बेमालूम
की माझा नवा चष्मा फसतो, आडत्याची नजरही.
अळी आत जेवते, आत झोपते,
घर खाऊन झालं की दार पाडून बाहेर येते.
म्हणून पातेल्यात पाणी घ्यायचं, मूठभर गहू टाकायचा.
तरंगेल तो पोकळ.
उधारीच्या वहीतली नावं
अशी पाण्यात टाकता आली असती तर.

सन्मती म्हणाला, आत्या, गोळ्या टाकूया गोदामात,
सकाळपर्यंत साफ.
माळ्यावर तीन हमाल झोपतात, मी म्हटलं,
त्यांना कुठल्या चाळणीनं वेगळं काढणार?
अण्णा गल्ल्यामागून एवढंच बोलले,
"आपल्यात मारत नाहीत."
एक्क्याऐंशी वर्षं सूर्यास्ताआधी जेवलेला माणूस.
अन् धंदा धान्याचा.

मग चैत्राचं ऊन.
गच्चीवर ताडपत्री, तांदूळ बोटभर जाड,
दर तासाला फळीनं वरचा खाली, खालचा वर.
अकराच्या सुमारास ते निघाले,
तिळाएवढे, नाकं पुढे करून,
सावली कुठल्या बाजूला ते बरोबर ओळखून.
अण्णा छत्री घेऊन काठावर बसले,
मऊ कुंच्यानं एकेकाला सुपात घेत.
संध्याकाळी सूप परसातल्या चिंचेखाली रिकामं केलं,
वर मूठभर कण्या टाकल्या, वाटखर्चीला.
शेजारचे चौगुले हसून हसून खोकले.
जुलेखा म्हणाली, "मालक, परत येतील.
बाजाराचा रस्ता पाठ हाय त्यांना."

आली असतीलही. पण आधी तिनं
जुनी बारदानं उलटी केली,
शिवणीशिवणीतनं गेल्या सालचे पाहुणे झटकले,
पिंपं पुसून दोन दिवस उन्हात तोंड वर करून ठेवली,
फरशीची भेग चुन्यानं बुजवली.
कडुलिंबाचा पाला मीच हौसेनं आणला होता.
टाका, म्हणाली, वास चांगला येतो.
पण दाणा आधी दाताखाली कट्ट वाजला पाहिजे.
ओला दाणा म्हणजे आवतण.
तिनं एक दाणा चावला, मान हलवली,
आणखी एक ऊन दिलं.
गरम गरम भरायचं नाही, हेही तिचंच.
रात्र जाऊ द्यायची. झाकण मग.

घरचे पाच किलो मी पिशवीत बांधून
फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले, आठवडाभर.
अण्णांनी पाणी घेताना पाहिलं.
"थंडीनं मरतात का झोपतात?"
मी म्हटलं, झोपतात.
ते थांबले. दार उघडंच, गार वाफ त्यांच्या धोतरावर.
"मग शिजवताना?"

मी पाखडून दाखवलं, पाण्यात टाकून दाखवलं,
तरंगलेले सात दाणे वेगळे काढले.
त्यांनी ते सात वाटीत घेतले आणि चिंचेकडे गेले.
त्या रात्री, म्हणजे सूर्यास्ताआधी, भाकरी खाल्ली.
भाताचं नाव काढलं नाही. मीही नाही.

सोमवारी नवा माल उतरला, गडहिंग्लजचा शाळू.
जुलेखानं बांगड्या मागं सारल्या,
मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाजूला झाली.
"तुमी घाला."
मी मनगटापर्यंत घातला.
गार आहे, म्हटलं.

"अजून खोल," ती म्हणाली.