दुष्फेन

हुडकेश्वरच्या या लेआउटमध्ये
कोण किती वर्षांपासून राहतं
हे मी रजिस्ट्री न बघता सांगतो.
गिझर उघडायचा, कॉइल ओढून काढायची,
पान्याच्या दांड्यानं हळू ठोकायची.
पांढरी खपली हातावर पडते
थराथराची, खारी बिस्किटासारखी.
दोन बोटं जाड म्हणजे सहा वर्षं.
खोटं नाही बोलत खपली.

साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं
तेव्हा नारळ फोडला होता सगळ्यांनी मिळून.
पहिल्या ओंजळीलाच जीभ खरखरली,
पण पाणी लागलं होतं,
चवीचं कोण बोलणार?
कन्हानची लाइन मार्चात येणार होती.
मार्च येतो. दरवर्षी येतो.

झाडेबाईंकडे तुरीची डाळ शिजत नाही.
सात शिट्या, नऊ शिट्या,
तरी दाणा दाताखाली टणक.
सासूनं आधी सुनेला बोल लावला,
मग कुकरच्या रबराला, मग दुकानदाराला.
आता झाडेबाई ड्यूटीवरून येताना
सक्करदऱ्याला बहिणीकडे थांबतात,
कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत
नळाचं पाणी भरून आणतात.
फक्त डाळीपुरतं.
स्कूटीवर पायाशी बाटली,
खड्डा आला की दोन्ही टाचांनी आवळलेली.

लांजेवारांनी हौसेनं काळा ग्रॅनाइट बसवला,
त्यावर आता कुठल्याशा देशांचे पांढरे नकाशे.
घोटेकरांची पोरगी केस विंचरून
कंगवा खिडकीच्या उजेडात धरते,
मोजते, पुन्हा मोजते.
नळाच्या तोंडाला दाढी येते.
शॉवरची अर्धी छिद्रं आंधळी,
उरलेल्यांतून पाणी भिंतीवर तिरपं.
“काय लावू जी याले?” सगळे विचारतात.
मी सांगतो, निंबू लावा. फडकं कोरडं ठेवा.
सांगत नाही की माझ्या घरचा आरसाही
मला खालून पाव भाग दिसत नाही.

बारापात्रे सरांचा गिझर
अकरा वर्षं कोणी उघडलाच नव्हता.
“थंड्या पाण्यानंच करतो मी,” म्हणाले,
“पण पोरगी येऊन राहिली, तान्हं घेऊन.”
कॉइल निघाली ती कॉइल नव्हतीच,
मनगटाएवढं पांढरं हाड होतं.
“काय वाईट पाणी आहे सर,” मी म्हटलं.
“वाईट नाही बे. दुष्फेन आहे.
साबणाशी पटत नाही त्याचं, एवढंच.”
आठवीला शिकवायचे ते विज्ञान,
आवाज अजून फळ्यासमोरचा.

खपली फेकू दिली नाही.
चष्मा कपाळावर ढकलून
नखानं एकेक थर मोजत आत गेले.
बाहेरचे चार सुटे केले,
“हे माझ्या एकट्याचे.”
मग आतला, तांब्याला चिकटून बसलेला
कॉइलची गोलाई घेतलेला जाड तुकडा
पेपरात गुंडाळून
बाईंच्या फोटोमागे ठेवून आले.
मी पाने पुसत राहिलो,
पुसलेलेच.

बाहेरचे चार वाटीत टाकले,
वर व्हिनेगर ओतलं.
सळसळ झाली आणि फेस आला,
वाटी भरून, काठावरून ओट्यावर.
“बघ,” म्हणाले, “बघ कसा येतो!”
आणि मला बघायला लावलं
बुडबुडे संपेपर्यंत.

नवी कॉइल टाकली. बिल आठशे वीस.
त्यांनी नऊशे दिले, माझ्याजवळ सुटे नव्हते.
“राहू दे,” म्हणाले,
“पुढच्या खेपेस कापून घे.”
पुढची खेप म्हणजे
दोन बोटं.

खाली गाडीला किक मारली
तेव्हा वर त्यांच्या मोरीत नळ सुरू झाला,
बराच वेळ सुरू राहिला.
गरम येतंय का, बघत असतील.