जॉब, विक्रीसाठी नाही

भोसरीत, एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पहिल्या दिवशी मी म्हटलं,
'जॉबसाठी आलेय.'
निवृत्ती गवारे लेथवर होते.
त्यांनी चक थांबू दिला, एप्रनला हात पुसला
आणि माझ्या तळहातावर ठेवला
नुकताच उतरवलेला, कोमट,
अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा.
'घ्या. जॉब.'
चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.
मागे इरफान मुलाणी
हसून हसून बंद ग्राइंडरला टेकला.

बी.कॉम.ला हा अर्थ नव्हता.
इथे जॉब लावतात, जॉब काढतात,
जॉब तापतो, जॉब थरथरतो,
जॉबला बर येते, ती कानशीने मारायची
नाहीतर बोट फाडते.
इथे जॉब कुणाला मिळत नाही.
जॉब येतो, टेम्पोतून, गोणपाटात,
आणि संध्याकाळच्या आत परत हवा असतो.

बावीस वर्षं मी चलान लिहितेय.
प्रत्येकावर तीच ओळ:
जॉबवर्कसाठी, विक्रीसाठी नाही.
लोखंड चाकणच्या कंपनीचं,
ड्रॉइंग त्यांचं, टेम्पो त्यांचा.
आम्ही सोलून काढलेला बुरा तरी आमचा?
तोही वजन करून परत.
आईला हे समजावत होते,
ती मेथी निवडता निवडता म्हणाली,
'म्हणजे दळणासारखं.'
हो, दळणासारखं.
धान्य बाईचं, पीठ बाईचं,
गिरणीवाल्याच्या भुवयांवर उरतं
तेवढं त्याचं.

इरफानला बघायला दौंडहून पाहुणे आले.
मुलीच्या मामांनी विचारलं, 'जॉब करता ना?'
इरफान म्हणाला, 'रोज दोनशे चाळीस.'
मामा बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले.
मग हळूच, 'आणि पगार?
प्रत्येकाचा वेगळा?'
लग्न झालं. दोन मुली आहेत.
मामांचा हिशेब अजून लागलेला नाही.

माझी भाची ऋजुता हिंजवडीला.
ती जॉब शोधते, जॉब सोडते,
जॉबला कंटाळून रविवारी माझ्याकडे झोपायला येते.
एकदा मी तिला विचारलं,
'तुझ्या जॉबचं वजन किती गं?'
'मावशी, प्लीज,' म्हणाली.
पण पांघरूण ओढून घेतल्यावर
आतून आवाज आला,
'खूप.'

मार्चात क्रेननं नवं मशीन उतरवलं.
काचेचं दार. आत हात घालायला जागा नाही.
शेठनी नारळ फोडला, पेढे दिले,
निवृत्तींनी पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला,
नातवासाठी असेल.

त्यानंतरच्या एका बुधवारी, सुटायच्या वेळी
(गुरुवारी आम्हाला सुट्टी, लाइट नसते)
ते माझ्या टेबलाशी उभे राहिले.
'मॅडम, जॉब गेला.'
मी सवयीनं लाल वही ओढली.
पार्टीचं नाव, तारीख, कारण.
'किती नग?'
'एक.'
'साइजमध्ये गेला का?'
ते काही बोलले नाहीत.
पेन कागदावर टेकलं होतं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.

जाता जाता त्यांना माझ्या बिलांवरचा
तो जुना तुकडा दिसला.
उचलला, व्हर्निअरशिवाय, बोटांत फिरवून पाहिला.
'दहा मायक्रॉन कमी होता हा.
रिजेक्ट. म्हणून तर तुम्हाला दिला.'
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्यासमोर हसले.

आता ते मोशीला एका सोसायटीच्या गेटवर असतात.
रात्रपाळी.
दिवाळीला फोन आला,
'काय मॅडम, जॉब कसा आहे?'
मी बिलांवरून तुकडा उचलला,
पदरानं पुसला, ट्यूबलाइटखाली धरला.
'बरा आहे,' म्हटलं.
'एका बाजूनं गंज धरलाय थोडा.'
'तेल लावा,' ते म्हणाले.
मागे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला,
फोन तसाच चालू ठेवून
ते गेट उघडायला गेले.