उसनं

या खोऱ्यातल्या तीन ब्रुअऱ्यांचे हिशेब मी लिहितो.
म्हणजे लिहीत होतो. आता दोन.

कापडी पिशवीत कोंबून येतात ते माझ्या टेबलावर:
माल्टची बिलं, गॅसची बिलं,
रिकाम्या बाटल्यांच्या अनामत रकमेच्या चिठ्ठ्या,
एखाद्या बिलावर पेल्याच्या बुडाचा ओला गोल.
त्या गोलाचं काय करायचं, ते करकायद्यात नाही.

रोझविटाचा पब ओबरलाइटला, चर्चच्या उतारावर.
सहा टेबलं. मागच्या खोलीत कढई.
भिंतीवर खुंट्यांना एकोणतीस चिनीमातीचे पेले,
प्रत्येकाखाली नाव. त्यातले अकरा जण वारले.
त्यांचे पेले खाली कुणी काढायचे
हा विषय दर नाताळात निघतो
आणि पुढच्या नाताळावर जातो.

मार्चमध्ये मी तिला म्हटलं, पेल्यामागे चाळीस सेंट वाढव.
तिने फळ्यावरचं तीन-वीस ओल्या फडक्यानं पुसलं,
तीन-साठ लिहिलं,
आणि दिवसभर फळ्याकडे पाठ करून उभी राहिली.
कुणी भांडलं नाही.
कौलं बसवणारा हाइनर्ट फक्त चौथा पेला घेईनासा झाला.
त्याचं बघून बाकीचेही.
महिन्याची बेरीज होती तिथंच आली.
मी दोनदा करून पाहिली.

गॅस परवडेना, तेव्हा दर आठवड्याचं ब्रूइंग
पंधरा दिवसांवर गेलं.
पण यीस्टला हे कुणी सांगावं?
आठवडाभर ते थंडीत तग धरतं,
पंधराव्या दिवशी
जागं असतं, उठत नाही.

अशा वेळी ती कास्परकडे जायची,
एलर्नबाखला, तीन किलोमीटर, जवाच्या शेताच्या कडेनं,
हातात दुधाची किटली,
जसं शेजारी जावं वाटीभर विरजणासाठी.
कास्पर डोर्शची स्वतःची ब्रुअरी, स्वतःचा पब.
दोघं एकमेकांच्या बिअरला तोंडावर पाणी म्हणत,
आणि किटली कधी रिकामी परतली नाही.
त्याचं यीस्ट बिघडलं
की तो तीच वाट उलटी चालायचा.
चाळीस वर्षांत कोण कुणाचं किती देणं लागतं
हे कुणी लिहून ठेवलं नाही.
मीही नाही. माझ्याकडे रकाना नव्हता.

ऑक्टोबरात कास्परच्या स्वयंपाकघरात बसून
मी कागद त्याच्याकडे फिरवला.
त्याने चष्मा शोधला, सापडला नाही,
म्हणाला, तूच सांग.
मी सांगितलं.
त्या दिवसाची फी घेतली नाही मी,
पण त्यानं काही होत नाही.
कढई एका हॉटेलवाल्यानं नेली,
लॉबीत ठेवायला, आत दिवे सोडून.

काल संध्याकाळी मी रोझविटाकडे कोपऱ्यात होतो.
कास्परनं दार खांद्यानं ढकललं,
दोन्ही हातांत किटली धरलेली, पोटाशी.
पत्ते थांबले.
त्याने ती बारवर ठेवून झाकण उघडलं:
करडं, दाट, फेसाखाली हळूहळू हलणारं.
"ही परत करू नकोस," म्हणाला.
"द्यायची तरी कुठं?"

ती किटली घेऊन आतल्या थंड खोलीत गेली.
बराच वेळ आली नाही.
हाइनर्टनं उगाचच पत्ते पुन्हा पिसले.

आली तेव्हा एका हातात हातोडी,
एका हातात खुंटी, बोटात अडकवलेला पेला.
भिंतीसमोर उभी राहून अंदाज घेऊ लागली.
"जिवंतांच्या बाजूला ठोक,"
कास्पर म्हणाला.

तो पहिला घोट त्याने तोंडात बराच वेळ धरला.
"पाणी," म्हणाला,
आणि तीन-साठ मोजून ठेवले.

तिने घेतले.
तो गल्ला बंद करायला दोनदा ढकलावा लागतो.