राहिलेलं

तार्तू शहरात, डिसेंबरातल्या चार वाजताच्या काळोखात
एंदेल दुकानातून बाहेर पडला,
राईचा पाव, दोन बॅटऱ्या,
आणि बसथांब्यापाशी थबकला.
फोन कानाला होता, म्हणून
गल्ल्यावरच्या मुलीकडे बघायचंच राहिलं होतं.

परत गेला. टोपी काढली.
बुटांचा बर्फ फरशीवर वितळू लागला.
त्याला बघताच तिने पावती चाचपली,
ड्रॉवर उघडला: "किती कमी दिले मी?"

"पैसे बरोबर आहेत. आभार मानायचे राहिले."

रांगेतल्या बाईने घड्याळ पाहिलं.
मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, त्रीनू.
ते त्याने वाचलं, उच्चारलं मात्र नाही;
तेवढी ओळख कुठे होती.

ड्रॉवर बंद करायला तिला
जरा वेळच लागला.
त्याची बस तेवढ्यात गेली.