काजळीची कल्हई

सातपूरला एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
जिथे पूर्वी बिस्किटं भाजत
त्या शेडमध्ये मी काजळी पातळ करते.
कोणी विचारलं तर एवढंच सांगते.
पाणी, थोडा साबण, आणि कार्बनच्या नळ्या,
केसाच्या पन्नास हजाराव्या भागाएवढ्या,
जन्मजात एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.
त्यांना तासभर बसवायचं
कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या हौदात.
मग सुटतात. रुसत रुसत.

काचेवर फवार. वाळव. साबण धू. परत फवार.
पाच थरांपर्यंत मीटर तोंड उघडत नाही.
सहाव्याला एकदम बोलतो:
कुठल्या तरी नळीचं टोक
शेजारणीला नुसतं टेकलं असणार,
आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट झाली,
रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत
बोळाबोळातून होते तशी,
एकही रस्ता सरळ नसताना.

अप्पा एकदाच आले. तांबट लेनमधून, रिक्षाने.
साठ वर्षं हंड्यांवर ठोके घालून कान गेलेले.
मी त्यांच्याशी ओरडूनच बोलते;
आमचे खैरनार आतून म्हणाले, भांडताय का मॅडम?

काच खिडकीशी धरली.
पलीकडे पांडवलेणीचा डोंगर, किंचित करडा.
शंभरातला तेरा हिस्से उजेड थर ठेवून घेतो,
जकात म्हणा.
“कुठंय?”
“हा काय.”
“तांबं किती?”
“नाही.”
“कथील?”
“तेच तर घालवायचंय!
मोबाइलच्या काचेवर असतं ते, इंडियमसोबत.
महाग पडतं. वाकवलं की तडकतं.”

अप्पा बराच वेळ बघत राहिले,
काच की डोंगर, कळलं नाही.
“म्हणजे मी जन्मभर
काजळी घासून कथील लावलं,
आणि तू कथील काढून काजळी लावतेस.”
हसले. खैरनारही हसले.
मी क्लिपा शोधत होते.

दोन टोकांना दोन वायरी,
मध्ये मुगाएवढा हिरवा दिवा.
लागला.
अप्पांनी दिव्याकडे पाहिलंच नाही.
भांड्याला मारतात तशी
काचेला नखाने टिचकी मारली,
आणि कान नाही, बोट लावून ऐकलं.
“बद्द वाजतंय,” म्हणाले.

सांगायला हवं होतं त्यांना
की नळीच्या आत वीज फारशी अडत नाही.
अडते ती एक नळी दुसरीला भेटते तिथे.
सगळा अडथळा भेटींचा.
आम्ही थर ॲसिडात बुडवतो, अडथळा उतरतो,
आणि काही आठवड्यांनी
कोणी काही न करता परत चढतो.
पण हे ओरडून कसं सांगायचं?
मी म्हटलं, “चहा घेणार?”

त्यांचा अंगठा थरावर उठला होता,
नवसागराने भाजलेल्या त्या जुन्या डागासकट.
वहीत खैरनारांनी लिहिलं:
नमुना ४१२. बोट लागले. बाद.

तो मी टाकला नाही.
खणात आहे, ब्लेडच्या पाकिटाखाली.
महिन्यातून एकदा, सगळे जेवायला गेले की
क्लिपा लावते.
आकडा वाढतोय, सावकाश.
दिवा अजून लागतो,
फक्त पाहायला खिडकीचा पडदा ओढावा लागतो.